गाडी बाहेरचं तापमान चुकीचं दाखवते? सेन्सर बदलण्याआधी त्याची जागा तपासा

सिग्नलला उभं असताना ४८. सिग्नल सुटून दोन किलोमीटर गेलं की ३९. पुढच्या सिग्नलला पुन्हा ४६. मे महिन्यात पुण्यात माझ्या गाडीतला बाहेरच्या तापमानाचा आकडा असा वर-खाली होत होता. मी सेन्सर बदलला, आठ दिवसांनी तेच. वायर बदलली, तरी तेच. तिसऱ्यांदा बंपर उतरवला तेव्हा लक्षात आलं की सेन्सर पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता. मी त्याला ज्या हवेत टांगलं होतं, ती हवाच ४८ अंशांची होती.

माझी गाडी जुनी, तिच्यात कंपनीचा सेन्सर नव्हता. बाजारात मिळतो तसा छोटा डिस्प्ले आणि तीन मीटर वायरचा प्रोब (टोकाला सेन्सर असलेली वायर) आणून मी तो घरीच बसवला होता. पण खाली लिहिलेलं बरंचसं कंपनीच्या सेन्सरलाही लागू पडतं. पुढून ठोकर बसते, बंपर उतरवून डेंटिंग-पेंटिंग होतं, आणि परत बसवताना तो सेन्सर मूळ क्लिपवर जातोच असं नाही. कुठेतरी टेप लावून मागे खोचून दिलेला असतो. गाडी दिसायला नवी होते आणि आकड्याचा त्रास तिथून सुरू होतो.

पहाटेची चाचणी

एक पैसाही खर्च करण्याआधी ही चाचणी करा. गाडी रात्रभर शेडखाली किंवा झाडाखाली उभी राहू द्या. उघड्या आकाशाखाली नको, कारण निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. गाडीच्या टपावर दव धरतं ते त्यामुळेच. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करा आणि आकडा वाचा. शेजारी बंपरच्या उंचीला एखादा भरवशाचा थर्मामीटर अर्धा तास आधीच टांगून ठेवलेला असू द्या.

त्या वेळी इंजिन, रेडिएटर, बंपर आणि हवा हे सगळं जवळपास एका तापमानाला आलेलं असतं. तेव्हा आकडा एक-दीड अंशाच्या आत जुळला, तर सेन्सर आणि वायरिंग ठीक आहे; दुपारी किंवा ट्रॅफिकमध्ये तो चुकतो तो जागेमुळे. पहाटेही चुकला, तर जागा कितीही बदला, फरक पडणार नाही. दोष सेन्सरमध्ये, कनेक्टरमध्ये नाहीतर डिस्प्लेमध्ये आहे. मी ही चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर एक सेन्सर आणि दोन रविवार वाचले असते.

तुलना मोबाइलमधल्या हवामानाशी मात्र करू नका. तो आकडा तुमच्या गल्लीचा नसतो, मोठ्या परिसराचा असतो. शिवाय हवामान खातं तापमान मोजतं ते स्टीव्हन्सन पेटीत. ही पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असते. तिचं दार उत्तरेकडे असतं, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडत नाही. आपला बंपर डांबरापासून हातभर उंचीवर, आणि भर उन्हात डांबर ६० अंशांपर्यंत तापतं. त्यामुळे दुपारी गाडीने हवामान खात्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त दाखवले, तर ती चूक नव्हे. त्या उंचीवरची हवा खरोखर तेवढी गरम असते. मी तेवढा फरक मान्य करतो आणि त्याच्या मागे लागत नाही.

त्या पेटीकडून घेण्यासारखं बरंच आहे. सावली हवी, हवा खेळती हवी, आणि कुठल्याही गरम वस्तूचा स्पर्श नको. गाडीत या तीनही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणं अवघड आहे, म्हणून जागेचा एवढा विचार करावा लागतो.

माझ्या फसलेल्या जागा

पहिली जागा कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरच्या पुढची जाळी) अगदी समोर, मधोमध. बॉनेट उघडला की हात सहज पोचतो, समोरून जाळीतून वारा येतो, यापेक्षा चांगलं काय असणार असं मला वाटलं होतं. साठच्या वेगाला आकडा उत्तम यायचा. गाडी थांबली की पाच मिनिटांत आठ-नऊ अंश वर.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एसी चालू असताना कंडेन्सर ५०-६० अंशांवर असतो, त्याच्या मागे रेडिएटरमधलं पाणी नव्वदीच्या आसपास. पंखा हवा पुढून मागे ओढतो, म्हणजे सेन्सरला ताजीच हवा मिळायला हवी. पण मागे फेकलेली गरम हवा इंजिनच्या खोलीत कोंडते. गाडी चालू असली तर ती खालून निघून जाते. उभी असली तर बंपरखालून आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून वळसा घालून परत पुढे येते, आणि पंखा तीच हवा पुन्हा ओढतो. पंखा मध्येच बंद झाला, तर तापलेल्या कंडेन्सरची धग थेट सेन्सरवर येते.

या फटी बंद राहाव्यात म्हणून कंपनी रेडिएटरच्या कडेने प्लास्टिकची आवरणं आणि फोमच्या पट्ट्या लावते. मेकॅनिक त्यांना एअर गाइड म्हणतात. अपघाताच्या कामात सगळ्यात आधी हरवतात त्या याच. माझ्या गाडीत उजव्या बाजूचं आवरण नव्हतंच. ते बसवल्यावर सिग्नलवरचा आकडा तर उतरलाच, शिवाय ट्रॅफिकमध्ये एसी आधीपेक्षा बरा गार करू लागला. तुमच्या गाडीतही सिग्नलला आकडा चढतो आणि त्याच वेळी एसीचा गारवा कमी होतो असं असेल, तर सेन्सरकडे जाण्याआधी या पट्ट्या बघा. एका कारणाची ही दोन लक्षणं असू शकतात.

दुसरी जागा बाजूच्या आरशाखाली. ही जागा वाईट नाही. काही कंपन्या सेन्सर आरशाच्या तळाशीच देतात. इंजिनची धग तिथे कमी पोचते आणि डांबरही लांब राहतं. पण काळ्या प्लास्टिकचा आरसा उन्हात तापतो, आणि उभ्या गाडीत तो तापलेला भाग सेन्सरला चिकटूनच असतो. माझी खरी अडचण वायरची होती. ती दाराच्या बिजागरापाशी असलेल्या रबरी नळीतून न्यावी लागते, आणि दार रोज उघडबंद झाल्याने तिथेच वाकून वाकून तुटते. कंपनीची वायर त्या कामासाठी केलेली असते, बाजारातल्या प्रोबची नसते. माझी दोन महिन्यांत तुटली. चालू गाडीत आकडा अचानक गायब होई, दार आपटलं की परत येई. दार आपटल्यावर आकडा बदलत असेल तर सरळ तिथे बघा.

मागच्या बंपरचा प्रयोग मी एका दिवसात आवरता घेतला. सायलेन्सर शेजारीच असतो, आणि मागे हवा घुमते, सरळ वाहत नाही. चाकाच्या कमानीत बसवू नका: ब्रेकची धग, चिखल आणि उडणारे खडे, तिन्ही तिथे आहेत. वायपरखालच्या जाळीत काही जण बसवतात, कारण वायर केबिनमध्ये नेणं सोपं जातं. पण तिथे बॉनेटच्या मागच्या कडेची गरम हवा येते आणि काचेवरचं ऊन उतरतं. नंबर प्लेटच्या बरोबर मागे सावली मिळते, वारा मिळत नाही.

शेवटी बसलेली जागा

बंपरच्या खालच्या जाळीच्या मागे, मध्यावर नव्हे तर एका कडेला, कंडेन्सरची रुंदी जिथे संपते त्याच्या पलीकडे. उंची खालच्या जाळीच्या वरच्या काठाइतकी, म्हणजे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली तरी सेन्सर सहसा बुडत नाही. समोरून वारा सरळ येतो, वरून बंपरची सावली असते, आणि मागे कंडेन्सर नसतो.

बसवताना मी चार गोष्टी सांभाळल्या. सेन्सरचं टोक कुठल्याही धातूला टेकू दिलं नाही. बंपरच्या आतल्या लोखंडी बीमला थेट केबल टायने आवळलं, तर तो हवेचं नाही, बीमचं तापमान सांगतो. म्हणून प्लास्टिकची एक पट्टी मध्ये घेऊन टोक तीन-चार सेंटिमीटर मोकळं पुढे ठेवलं. दुसरं, पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून टोकाभोवती बसवला. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन जाळीतून आत येतं, त्यापासून त्याने आडोसा होतो आणि वारा मात्र आरपार जातो. पाइप पुढच्या बाजूला किंचित खाली झुकवा, म्हणजे पाणी साचत नाही. तिसरं, वायर खालून वर नेताना कनेक्टरच्या आधी एक सैल झोल सोडला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. चौथं, सगळं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून केलं. पुढच्या भागात एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर असतात. त्यांच्या कनेक्टरना हात लावू नका, त्यांच्या वायरींना आपली वायर बांधू नका. आणि कंडेन्सरच्या आसपास ड्रिल चालवायचं तर अजिबात नाही. भोक पडलं की गॅस गेला, आणि तो खर्च सेन्सरच्या कित्येक पट आहे.

आता लांबलचक सिग्नलला आकडा दोन अंश चढतो, गाडी हलली की मिनिट-दोन मिनिटांत उतरतो. याहून चांगलं बाजारातल्या साध्या डिस्प्लेकडून मिळेल असं मला वाटत नाही. कंपनीच्या गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर मदतीला असतं: वेग कमी असताना चढणारा आकडा ते रोखून धरतं, उतरणारा मात्र लगेच दाखवतं, आणि इंजिन गरम असताना गाडी पुन्हा सुरू केली तर बऱ्याचदा आधी साठवलेलाच आकडा दाखवतं. म्हणून जेवायला थांबून निघाल्यावर आकडा काही मिनिटं जुनाच राहिला तर घाबरू नका. तो दोष नाही, ती काळजी आहे.

पहाटेच्या चाचणीत नापास झाला तर

हे सेन्सर बहुतेक थर्मिस्टर असतात: तापमान वाढलं की त्यांचा विजेला होणारा रोध (ओहममध्ये मोजतात तो) कमी होतो. बाजारातल्या प्रोबमध्ये सर्रास आढळणारा प्रकार २५ अंशांना १० किलोओहमचा. त्याचे आकडे साधारण असे: ० अंशांना साडेतेहतीस किलोओहम, ३५ ला साडेसहा, ४० ला ५.३, ५० ला ३.६. कंपनीच्या सेन्सरचे आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. कनेक्टर काढा, मल्टीमीटर लावा, टोक मुठीत धरा. रोध सावकाश, न अडखळता उतरत गेला पाहिजे. उड्या मारत असेल तर सेन्सर बाद.

सेन्सर ठीक असूनही आकडा चुकतो तेव्हा चूक कुठल्या बाजूची आहे ते पाहा. कनेक्टरच्या पिना गंजल्या की रोधात भर पडते, आणि गाडीला वाटतं की बाहेर खऱ्यापेक्षा थंड आहे. उलट कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की पिनांमधून वीज झिरपते, एकूण रोध घटतो आणि आकडा खऱ्यापेक्षा गरम येतो. पहिल्या पावसानंतर आकडा चढला आणि चार दिवस ऊन पडल्यावर आपोआप सुधारला, तर ते पाणी आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात गंज जास्त नडतो, आणि त्याचं कारण वरच्या आकड्यांतच आहे. ४० अंशांच्या आसपास प्रत्येक अंशाला रोध फक्त सव्वादोनशे ओहमच्या आतबाहेर बदलतो, शून्याजवळ मात्र पावणेदोन हजारांनी. म्हणजे गंजलेल्या पिनेचे ५०० ओहम हिमालयात पाव-अर्धा अंश चुकवतील, तर अकोल्यात मे महिन्यात दोन अंशांहून जास्त. हिवाळ्यात बरोबर आणि उन्हाळ्यात कमी दाखवणारा सेन्सर असेल, तर नवीन घेण्याआधी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून बघा. वायर लांबवल्यामुळे आकडा चुकला असं बरेच जण म्हणतात. १० किलोओहमच्या सेन्सरला तीन-चार मीटर तांब्याच्या वायरने जाणवण्याइतका फरक पडत नाही. चुकतो तो जोड. नुसती वायर पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात सडतो. सोल्डर करा आणि वर आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा.

आणि आकडा उणे ४० दाखवत असेल, किंवा नुसत्या रेघा येत असतील, तर सर्किट उघडं आहे: वायर तुटली आहे किंवा कनेक्टर लावलेलाच नाही. साताऱ्याच्या माझ्या काकांची गाडी गेल्या वर्षी अशीच अडली होती. एसी गार करत नाही म्हणून गॅस भरून झाला, कॉम्प्रेसर बदलायचा सल्ला मिळाला. त्यांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "काका, इतक्यात बंपर उतरवला होता का हो?" म्हणाले, "महिन्यापूर्वी रंगवला. त्याचा एसीशी काय संबंध?" संबंध असा की ऑटोमॅटिक एसी बाहेरचं तापमान याच सेन्सरकडून विचारतो, आणि बाहेर कडाक्याची थंडी आहे असं समजलं की कॉम्प्रेसर सुरूच करत नाही. बंपरमागे कनेक्टर मोकळा लोंबत होता. तो लावायला दहा मिनिटं लागली. एसीची तक्रार घेऊन जाल तेव्हा मीटरवर बाहेरचं तापमान काय दिसतंय ते आधी बघा आणि मेकॅनिकला सांगा.

डिस्प्लेचा आकडा सरसकट दोन-तीन अंश सरकलेला वाटत असेल, तर घरच्या घरी दोन ठिकाणी पडताळता येतो. बर्फ ठेचून पेल्यात भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, टोक मध्यभागी धरा: ० यायला हवं. नंतर थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब शेजारी-शेजारी धरा. ३८ च्या आसपास दोन्ही जुळले पाहिजेत. तापाचा थर्मामीटर त्या टप्प्यात फार नेमका असतो. उकळत्या पाण्यात मात्र प्रोब घालू नका. प्लास्टिकचं आवरण सैल होतं, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी १०० ला उकळतही नाही, साधारण ९८ लाच उकळतं.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: वेगात वाऱ्यामुळे सेन्सर थंड होऊन कमी दाखवतो का? कोरडा सेन्सर नाही. वारा त्याला हवेच्या तापमानापर्यंत लवकर आणतो, त्याच्या खाली नेत नाही. ओल्या सेन्सरला मात्र नेतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हात गाडी धुऊन लगेच निघालात, तर वाळेपर्यंत आकडा दहा अंशांनीही खाली जाऊ शकतो. घरातला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. कोकणात पावसाळ्यात हा फरक जेमतेम दिसतो, कारण हवाच ओलसर.

घाटाची परीक्षा

नव्या जागेची खात्री मी पसरणी घाटात करतो. वाईहून पाचगणीला चढताना साधारण सहाशे मीटर उंची वाढते, म्हणजे दिवसा हवेचं तापमान चार ते सहा अंशांनी उतरायला हवं. पण चढावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, इंजिन तापलेलं. सेन्सरला गाडीची धग लागत असेल तर आकडा उतरण्याऐवजी चढतो. जागा बदलण्याआधी माझा आकडा वाईत ३४ होता आणि घाटमाथ्यावर ३७. सपाट रस्त्यावर न कळणारी चूक इथे उघडी पडते. खोपोलीहून खंडाळ्याला चढतानाही तसंच, फक्त ट्रकची रांग लागली असेल तर त्या दिवशीचा निकाल धरू नका.

जानेवारीत पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधी कधी दव गोठतं, आणि लेहला गाडी घेऊन जाणारे तर आता आपल्यातले बरेच आहेत. तिथे हा आकडा शोभेचा राहत नाही. कंपनीच्या गाड्या ३-४ अंशांना बर्फाची सूचना देतात ती याच सेन्सरच्या भरवशावर, आणि रस्त्यावरचा काळा, न दिसणारा बर्फ हवा शून्याच्या थोडी वर असतानाही असू शकतो. इंजिनच्या धगीने पाच अंश जास्त वाचणारा सेन्सर ती सूचना देणारच नाही. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी पहाटेची चाचणी आणि बर्फाच्या पेल्याची पडताळणी, दोन्ही करा.

मी गेल्या महिन्यात पुन्हा पसरणी चढलो. वाईत ३३, हॅरिसन फोलीच्या वळणाआधी ३०, पाचगणीच्या बाजारात २८. आता पावसाळा संपला की पाइपच्या तुकड्यातला चिखल आणि कोळ्याची जाळी काढायची, पिना साफ करायच्या, एवढंच काम उरलं आहे.